वाढ मोजताना

दहा वाक्यं आहेत. महादेवपुऱ्यात आमच्याच इमारतीत राहणाऱ्या, मुलांच्या मानसशास्त्रात काम करणाऱ्या मैत्रिणीला ती मराठीत हवी आहेत. संकटानंतर आपल्यात काय बदललं ते मुलानेच सांगायचं: माणसं जास्त जवळची वाटतात का, वाटलं होतं त्याहून जास्त निभावता येतं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. टेडेस्की आणि कॅलहून यांनी १९९६ साली मोठ्यांसाठी २१ वाक्यांची मोजपट्टी केली. तिच्यावरून मुलांची निघाली, आणि २००५च्या कॅटरिना वादळातून वाचलेल्या मुलांवर तिचं हे आटोपशीर रूप तपासलं गेलं.

पहिली अडचण ‘वाढ’ या शब्दाचीच. मूल वाढतंच. सातचं नऊ वर्षांचं झालं की त्याला जास्त कळू लागतं, त्यासाठी भूकंप लागत नाही. मैत्रीण म्हणाली, म्हणून तर वाक्यं त्या घटनेला बांधलेली असतात. पण आधी आपण कसे होतो, हे मुलाने आठवायचं कशावरून?

मी लातूरची. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीकडे जमीन हलली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आदल्या रात्रीच गणपतींचं विसर्जन झालेलं. दगडमातीच्या भिंती, वर माळवदाचं ओझं. लातूर-उस्मानाबाद मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलं शिकायला पुण्याला नेली. कित्येक नातेवाइकांकडे गेली. आमच्या शेजारी नऊ वर्षांची एक मुलगी मावशीकडे आली. आई राहिली नव्हती. महिन्याभरात ती मावसभावंडांना जेवायला वाढू लागली. स्वतः दुसरी भाकरी मागायची नाही. दिवाळीला फ्रॉक नको म्हणाली. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, “किती समजूतदार झालंय बघा लेकरू!” रात्री मात्र ती थंडीतही अंगणात निजायची, छताखाली यायची नाही.

या दहा वाक्यांवर तिला भरपूर गुण पडले असते. मैत्रिणीचं म्हणणं, भीती आणि वाढ एकाच मुलात एकाच वेळी असू शकतात. म्हणून भीतीची प्रश्नावली वेगळी द्यायची. हे पटलं. तरी आपल्याकडे ‘समजूतदार’ ही शाबासकी आहे, आणि तिची चव लागलेलं मूल ‘तीन’वरच खूण करणार.

२०२२च्या सप्टेंबरात इथे पाणी भरलं. ट्रॅक्टरवर बसून ऑफिसला निघालेल्या माणसांचे फोटो सगळीकडे झळकले. पत्र्याच्या शेडमधल्या मुलांचे फारसे दिसले नाहीत. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई आळंद तालुक्यातल्या, त्यांची मुलगी कानडी-मराठी दोन्ही बोलते. तिला एक वाक्य वाचून दाखवलं: पूर्वीपेक्षा जास्त निभावता येतं का?

“काय निभावायचं, आंटी?” मग जरा थांबून, “पाणी आलं की दप्तर वर टांगायचं. ते येतंय मला.”

याला गुण किती, ते मैत्रिणीलाही सांगता आलं नाही. आता आठ वाक्यं झाली आहेत. देवाबद्दलची दोन राहिली आहेत.