दिशा तिने ठरवावी

खो-खोत पाठीवर थाप पडते, "खो" ऐकू येतं आणि बसलेली मुलगी उठते. उठता उठताच तिला ठरवायचं असतं, उजवीकडे की डावीकडे. एकदा खांदा वळला, पाऊल पडलं, की नियम तिला मागे फिरू देत नाही. मध्यपाटी ओलांडायची नाही. उलट दिशेला जायचं तर आधी खांब गाठायचा, नाहीतर पुढच्या गड्याला खो द्यायचा. पळतीला मात्र असं कुठलंच बंधन नाही. ती दोन गड्यांमधून आरपार जाते, थबकते, हूल देते, परत वळते. त्यामुळे बसत्या बाजूचा खेळ वेगाचा असला, तरी त्याच्याही आधी तो निर्णयाचा आहे. सीमारेषेबाहेरून प्रशिक्षकाने ओरडलेला शब्द मुलीच्या कानात पोचून तिला कळेपर्यंत निर्णयाची वेळ टळून गेलेली असते.

मी मेहरूणला शाळकरी मुलींना खो-खो शिकवते. मेहरूण म्हटलं की बाहेरच्यांना तलाव आठवतो आणि हिवाळ्यातली बोरं. आता हे गाव जळगाव शहरात मिसळून गेलंय. पहाटे तलावाकाठी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ सुरू होते, तेव्हाच आमच्या मैदानावर फक्कीच्या रेघा पडतात. उन्हाळ्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. त्यामुळे सुट्टीतल्या शिबिरात सरावाला किती वेळ मिळणार, हे सूर्यच ठरवतो. आठ वाजले की मुलींना सावलीत न्यावंच लागतं. अशा मोजक्या वेळात प्रशिक्षकाचं प्रत्येक वाक्य मुलींच्या पळण्यातून वजा होतं. म्हणून काय बोलावं, कधी बोलावं आणि काय बोलू नये, हा माझ्या कामातला सर्वांत मोठा प्रश्न आहे.

आपल्याकडे खेळ शिकवण्याच्या दोन रीती शेजारी शेजारी वाढल्या. एक कवायतीची: सावधान, विश्राम, एक-दोन-तीन-चार. हुकूम एकाचा, हालचाल सगळ्यांची. दुसरी तालमीची. खानदेशात जत्रेच्या कुस्त्या पाहत वाढलेल्या कुणालाही ती ओळखीची आहे. तालमीतला वस्ताद डाव दाखवतो आणि मग पोराला वेगवेगळ्या वजनाच्या, वेगवेगळ्या अंगाच्या जोडीदारांशी लढवतो. लढत चालू असताना कधी पट काढायचा, हे पोराच्या हातापायांनाच उमगावं लागतं. खो-खोला १९१४ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याने नियमांची चौकट दिली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. खो-खोचा पिंड तालमीचा आहे. शाळेत आल्यावर मात्र तो पुष्कळदा कवायतीसारखा शिकवला जातो: रांग लावा, एकेकीने या, खांबाला हात लावा, मागे जाऊन उभ्या राहा. अशा तासाला मुली पळतात थोडा वेळ आणि रांगेत उभ्या राहतात पुष्कळ वेळ.

मुली खो-खो खेळूनच माझ्याकडे येतात. गल्लीत, शाळेच्या पटांगणात त्यांनी तो आधीच खेळलेला असतो. लफबरो विद्यापीठातल्या डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी १९८२ मध्ये जे मांडलं, ते मला म्हणूनच फार जवळचं वाटतं. तंत्र सुटं सुटं घोटून घेतलेल्या मुलांना प्रत्यक्ष खेळात ते कधी वापरायचं हे कळत नाही, असं त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी क्रम उलटा केला. आधी मुलांना झेपेल असा छोटा खेळ द्यायचा, त्यातून डावपेचांचा प्रश्न उभा राहू द्यायचा आणि मुलांना गरज भासली की तंत्र शिकवायचं. आमच्या मैदानावर याचा अर्थ असा: अर्धं मैदान, चारच बसत्या मुली, एकच पळती. पळतीने ठरलेला वेळ काढला तर गुण तिचा, नाहीतर बसत्या बाजूचा. पळती खांबाजवळ घुटमळत वेळ काढू लागली की बसत्या बाजूच्या मुली स्वतःच विचारतात, "ताई, हिला खांबापाशी कसं धरायचं?" सूर मारायला शिकवण्याची वेळ तीच. उत्तर हवं असलेल्या मुलीला ते एकदा सांगितलं तरी पुरतं.

सांगायचं कसं, यावरही पुष्कळ अभ्यास झाला आहे. अमेरिकेतले बास्केटबॉलचे विख्यात प्रशिक्षक जॉन वुडन यांचा सराव रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४-७५ च्या हंगामात बाजूला बसून टिपला. वुडन यांच्या शिकवण्यातल्या २,३२६ कृतींची त्यांनी नोंद केली. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश निव्वळ माहिती देणाऱ्या होत्या: काय करायचं, कसं करायचं. कौतुक सात टक्क्यांच्या आसपास, नाराजीही तेवढीच. बोलणं तुटक आणि नेमकं, भाषण नाहीच. त्यामागे रोज सकाळी सहकाऱ्यांबरोबर बसून केलेली सरावाची बारीक आखणी होती. मला यातून समजलं ते असं की चांगला प्रशिक्षक मुका नसतो. त्याचा विचार मैदानाबाहेर होऊन गेलेला असतो, म्हणून मैदानावर त्याला थोडक्यात बोलता येतं.

शब्दांची निवडही महत्त्वाची. "कोपर सरळ ठेव, गुडघा वाकव" असं सांगितलं की मुलगी स्वतःच्या शरीराकडे लक्ष देते आणि हालचाल अडखळते. गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून दाखवून दिलं की लक्ष शरीराच्या अवयवावर ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर ठेवलं तर शिकणं चांगलं होतं. म्हणून सूर शिकवताना मी म्हणते, "पलीकडची माती उडव." तेवढ्याने हात लांबतो, कोपर सरळ होतं, अंग जमिनीलगत जातं. तिन्ही गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत.

आणि किती वेळा सांगायचं? इथे प्रशिक्षकाला धीर लागतो. सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ साली तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला. प्रत्येक प्रयत्नानंतर चूक दाखवून दिली तर सराव चालू असेपर्यंत कामगिरी छान दिसते. सांगणारा बाजूला झाला की मात्र तीच माणसं कमी सूचना मिळालेल्यांच्या मागे पडतात. शिकणारा त्या सूचनेच्याच आधाराने चालू लागतो. माझ्याकडे नव्याने आलेली मुलगी खो मिळाल्यावर आधी माझ्याकडे पाहते. तिच्या डोळ्यांत प्रश्न स्पष्ट असतो: ताई, आते कथा पयू? (आता कुठे पळू?) त्या क्षणी मी उत्तर देत नाही. डाव संपल्यावर तिला विचारते: "ती कुठल्या खांद्याने वळली? तुला आधी काय दिसलं, पाय की मान?" पहिले काही दिवस उत्तर येत नाही. मग एक दिवस मुलगी सांगते की पळतीची मान एकीकडे गेली, पण भार दुसऱ्या पायावर होता. हूल ओळखायला ती शिकलेली असते, आणि हे शिकणं सामन्यात, मी शेजारी नसतानाही तिच्याबरोबर राहतं.

सरावात रोज थोडा बदल का हवा, याचं उत्तर एका साध्या प्रयोगात आहे. कॅनडात रॉबर्ट कर आणि बर्नार्ड बूथ यांनी १९७८ मध्ये आठ वर्षांच्या मुलांना छोट्या पिशव्या लक्ष्यावर टाकायला लावल्या. एका गटाने तीन फुटांवरूनच सराव केला. दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून केला, तीन फुटांवरून एकदाही नाही. परीक्षा घेतली तीन फुटांवरून, आणि दुसरा गट सरस ठरला. त्याच्याही कितीतरी आधी, १९२० च्या दशकात, मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाईन यांनी छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचालींचं चित्रीकरण केलं. हातोडा दर वेळी नेमका छिन्नीवर पडे, पण खांदा, कोपर आणि मनगट यांची वाट प्रत्येक घावाला थोडी वेगळी असे. कसब म्हणजे एकच हालचाल पाठ होणं नव्हे. बदलत्या परिस्थितीत तोच परिणाम साधणं. कळण्याची भाकरी थापणाऱ्या आपल्या बायका हेच करतात. पीठ रोज वेगळं, पाण्याचा अंदाज वेगळा, भाकरी मात्र तशीच गोल.

आमची माती यात मला मदत करते. पावसाळ्यात ती पायाला चिकटते, हिवाळ्यात दवाने निसरडी होते, चैत्रात दगडासारखी कडक. आता मोठे सामने मॅटवर होतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीतल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, तेही मॅटवरच. आमच्या मुलींनी तो सामना डोळे विस्फारून पाहिला. त्यांना मॅट रोज मिळणार नाही, पण वेगवेगळ्या जमिनीवर पाय रोवायची सवय त्यांना मी देऊ शकते. म्हणून मी गड्यांची संख्या बदलते, मैदान आखूड करते, कधी उंच मुलीला पळतीला लावते, कधी बुटक्या चपळ मुलीला. अशा सरावात चुका जास्त दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं, आज जमत नाहीये. खरं शिकणं बहुतेक वेळा त्याच दिवशी होत असतं.

या सगळ्याहून मोठा प्रश्न मुली टिकण्याचा आहे. नववी-दहावी आली की अभ्यास, शिकवणी, घरकाम आणि लोकांची नजर, सगळं एकदम अंगावर येतं आणि चांगली खेळणारी मुलगी मैदान सोडते. रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल यांनी अमेरिकेत मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना छोटं प्रशिक्षण दिलं: प्रयत्नाचं कौतुक करा, चुकीनंतर धीर द्या आणि मग सूचना करा, शिक्षा आणि टोमणे टाळा. या पद्धतीवरचा त्यांचा नंतरचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुढच्या हंगामात प्रशिक्षण न घेतलेल्या प्रशिक्षकांची २६ टक्के मुलं खेळ सोडून गेली. प्रशिक्षण घेतलेल्यांची फक्त ५ टक्के. सामने दोघांनीही जवळपास सारखेच जिंकले होते. हे वाचल्यावर मी माझ्या कामाचं मोजमाप ठरवून टाकलं: या वर्षी आलेली मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा येते का?

निर्णय मुलीवर सोपवण्याचा संबंध इथेही आहे. घरात, शाळेत, रस्त्यावर आमच्या मुलींना दिवसभर कुणी ना कुणी दिशा सांगत असतं. मैदानावरच्या त्या अर्ध्या सेकंदात निवड पूर्णपणे त्यांची असते. ती चुकली तर एक गडी सुटतो, एवढंच नुकसान. साधली तर मुलीच्या चालण्यात फरक पडतो, आणि तो फरक तिच्या आईलाही दिसतो.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. प्रशिक्षकांनी आखणी आदल्या दिवशी करावी आणि डाव चालू असताना तोंड मिटून डोळे उघडे ठेवावेत. मुख्याध्यापकांनी शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला देऊ नये, आणि त्या तासात रांगा लावण्याऐवजी छोटे छोटे खेळ होऊ द्यावेत. पालकांनी सामन्याला जरूर यावं, टाळ्या वाजवाव्यात, पण "इकडे पळ, तिकडे पळ" असं रेषेबाहेरून सांगू नये. आणि दहावीच्या वर्षीही आपल्या मुलीला रोज एक तास मैदानावर पाठवावं. कुठे पळायचं ते तिला कळतं. तिला ते ठरवू द्या.