सोने आणि वाळू

रविवारच्या मिस्सेनंतर पुणतांब्याच्या घाटावर बसलो होतो. एका शाळकरी मुलाने विचारले, "फादर, आपल्या गोदावरीत सोनं सापडतं का?" मी हसून नाही म्हटले. आपल्याकडे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा कातळ आहे. त्यात वेचण्याजोगे सोने नाही. उत्तर खरे होते, पण अपुरे होते.

पवित्र शास्त्रात सोन्याचा पहिला उल्लेख नदीच्याच सोबतीने येतो: हवीला देशाला वेढणारी पीशोन. आपल्या महाराष्ट्रालाही अशी एक नदी लाभली आहे, वैनगंगा. मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावून ती बालाघाट, भंडारा, गडचिरोलीकडे उतरते, वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ आपल्याच गोदावरीत विसावते. तिच्या खोऱ्यात आपल्या कातळाहून कितीतरी प्राचीन खडक आहेत. ते झिजून सोन्याचे कण ओढ्यांच्या वाळूत येतात. ती वाळू धुणे हा सोनझरी लोकांचा पिढीजात व्यवसाय. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात त्यांची नोंद केली आहे. लाकडी काथवटीत वाळू घेऊन ती पाण्यात हलवीत राहायचे. सोने वाळूच्या सुमारे सातपट जड. वाळू वाहून जाते, कण तळाशी राहतो. सोनझरी कण तेवढा घेई; वाळू नदीची नदीलाच मिळे.

आम्ही मात्र वाळूच उचलली. काही वर्षांपूर्वी चर्चच्या आवाराची भिंत बांधताना मी वाळूचा भाव विचारला, ती कोठली हे विचारले नाही. ट्रक रात्री आला; पावती मागितली नाही. पुराचे पाणी धरून ठेवून काठच्या विहिरींना पुरवते ती वाळूच. पुढच्या उन्हाळ्यात नदीकाठच्या एका कुटुंबाची विहीर आटली. तो दोष माझ्याच ट्रकचा होता असे म्हणता येणार नाही. नव्हता असेही म्हणवत नाही. लहान क्षेत्रातील उपशालाही पर्यावरणविषयक परवानगी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बजावले. परंतु वाचकहो, इतरांचे पापनिवेदन ऐकणाऱ्या मला एवढे कळण्यासाठी न्यायालय कशाला हवे होते?

पुढल्या रविवारी त्या मुलाला हे सारे सांगितले. त्याने क्षणभर विचार केला. "मग आपल्या भिंतीतली वाळू कुठली, फादर?"

"नदीतली," मी म्हणालो. "न विचारता घेतलेली."