आईची मांडणी

सामान बांधायला येणारी मुलं घरात शिरली की आधी वर बघतात. पोटमाळा किती भरलाय, कपाटांच्या डोक्यावर काय आहे, पंखे काढायचेत का. मग दाराची रुंदी, जिन्याचं वळण. मधलं घर त्यांना दिसत नाही, आणि ते बरंच आहे. दिसलं असतं तर त्यांचा हात एवढा झरझर चालला नसता.

धायरीत रायकर मळ्याच्या बाजूला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्यामुळे दर वाढला. त्यांच्या मुकादमाने फोनवर हिशेब सांगताना दोनदा विचारलं, तीन माळे चढून राहणारी माणसं वयस्कर होती ना, मग खालचं घर का नाही घेतलं? खरं उत्तर सांगायचं तर त्याला एकसष्ट सालापासून ऐकवावं लागलं असतं.

१२ जुलै १९६१ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं. नवं, पुरतं बांधूनही न झालेलं धरण. आदल्या रात्री जवान वाळूची पोती रचत होते. दुपारपर्यंत त्या लोंढ्याने खडकवासल्याची जुनी भिंतही गेली आणि मुठा पेठांत शिरली. आई तेव्हा शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला, नऊ वर्षांची. त्या दिवशी पुण्यात कुणी सामान बांधलं नाही. हाताला लागेल ते उचलून माणसं पळाली आणि हाताला काय लागावं याला काही धरबंध नव्हता. शेजारच्या आजोबांनी छत्री घेतली. आईच्या आजीने लोणच्याची बरणी उचलली. देव राहिले, दागिन्यांची डबी राहिली, महिन्यापूर्वी घातलेलं कैरीचं लोणचं तेवढं चिनी मातीच्या बरणीत, दादऱ्यासकट, वाचलं. पुढे कितीतरी दिवस दुसऱ्याच्या घरी राहताना त्यांनी मदतीच्या भाताबरोबर तेच लोणचं खाल्लं. आजीला यावरून सगळे हसायचे. आई हसायची नाही. ती म्हणायची, आजीला माहीत होतं, उद्या जेवायला लागणार.

म्हणून नव्वदच्या दशकात बाबांनी धायरीत जागा बघितली तेव्हा आईने एकच अट घातली. वरचा मजला. खडकवासला इथून जवळ, कालवा तर त्याहून जवळ. पाण्याला भिऊन वाढलेली बाई पाण्याच्या उगमाकडेच राहायला आली याची बाबा चेष्टा करायचे. ती म्हणायची, गाव चढावर आहे आणि घर तिसऱ्यावर, आता येऊ दे. पाणी आलं नाही. उलट ते यावं म्हणून वाट बघण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं. ग्रामपंचायतीच्या काळात टँकर, मग ऑक्टोबर २०१७मध्ये अकरा गावं पुणे महापालिकेत गेली, त्यांत धायरीही गेली, आणि तरी टँकर. बाल्कनीतून टँकरचा भोंगा ऐकून सगळ्या जिन्याला हाक घालणारी आई, हे माझ्या कानातलं धायरी.

कसबा पेठेतल्या वाड्यातून इथे आलो ते सामान तिने स्वतः बांधलं होतं. मला ते नीट आठवतं, कारण त्यात माझं काम कागद चुरगळण्याचं होतं. खोकी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून मागून आणलेली, साबणाच्या वासाची. बारदान, सुतळी, दाभण. कपबशा तिने तांदळाच्या डब्यात खुपसल्या, काचेच्या बरण्या बाबांच्या जुन्या धोतरांत गुंडाळल्या, पलंगाचे नटबोल्ट हातरुमालात बांधून त्याच पलंगाच्या पायाला गाठ मारून ठेवले. गाद्यांच्या वळकट्या. जुन्या नऊवारीत सगळे पाट. टेंपो सिंहगड रस्त्याने येताना दोन्ही बाजूंना अजून शेतं होती आणि मी मागे वळकटीवर बसून खडकवासल्याच्या सहलीला निघाल्यासारखी वारा खात होते. एक कपही फुटला नाही. तांदळातून कप बाहेर काढून, न धुता, नुसता पुसून तिने पहिला चहा टाकला होता. दूध आधी उतू घालून झालं होतं अर्थात.

आता आलेल्या मुलांची तयारी तिच्याहून कितीतरी चांगली होती, हे मान्य केलंच पाहिजे. पन्हळी पुठ्ठा, फुग्यांचा प्लास्टिक कागद, कपाटाभोवती गुंडाळायची ताणली जाणारी पारदर्शक फिल्म, दातांनी न तोडता एका झटक्यात कापली जाणारी चिकटपट्टी. दोघंजण बिहारकडचे, एक जालन्याचा. जालन्याच्या मुलाने देव्हारा बांधण्याआधी पायातल्या चपला काढल्या, कुणी सांगितलं नव्हतं. बाकी त्यांचा नियम सरळ होता. काच एकीकडे, भांडी एकीकडे, कपडे, पुस्तकं, लाकूड. प्रत्येक खोक्यावर मार्करने हिंदीत नाव आणि आकडा. बर्तन एक, बर्तन दोन.

आणि तिथे, बर्तन चार भरत असताना, माझ्या लक्षात आलं की आई आत्ता चालली आहे. दवाखान्यातून तिला आणलं तेव्हा, वैकुंठात नेलं तेव्हा, तेराव्याला, तेव्हा ती पूर्ण गेली नव्हती. घरात तिची मांडणी उभी होती.

तिच्या मांडणीत वस्तू कशाची आहे याला किंमत नव्हती. कधी लागते याला होती. सोऱ्या, चकतीच्या जाळ्या, करंजीचं कातणं, शंकरपाळ्यांचं चाक, चिवड्यासाठीचा मोठा झारा आणि एक फाटकी पण स्वच्छ ओढणी हे सगळं एका पत्र्याच्या डब्यात, कारण ते दिवाळीचं. त्यात पितळ होतं, लाकूड होतं, कापड होतं. वाळवणाचं गाठोडं वेगळं. त्यात प्लास्टिकचे कागद, साड्यांच्या घड्या, त्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून वापरायचे चार गुळगुळीत दगड. दगड! ते दगड मुलाने जिन्यात ठेवून दिले, टाकायचे म्हणून. आजारपणाचा डबा होता: लहान खल, सहाण, जायफळ, वेखंड, गरम पाण्याची पिशवी, थर्मामीटर, एक चमचा जो बाकी कशालाच वापरायचा नाही. पाहुण्यांचं म्हणून एक फडताळ. आणि गौरींचं गाठोडं, पिवळ्या फडक्यात, त्यात दोन पितळी मुखवटे, त्यांच्या पोती, नथी, गेल्या वर्षीची हळदकुंकवाची पुडी, आणि एका वहीच्या कागदावर त्या वर्षी कोणती साडी कोणाला नेसवली याची नोंद, म्हणजे पुढच्या वर्षी दोघींना अदलाबदल करून न्याय.

मुखवटे पितळी म्हणून ते बर्तन चारमध्ये, कुकरशेजारी गेले. पोती प्लास्टिकच्या पिशवीत ‘इतर’मध्ये. वही पुस्तकांत. मुलांनी काहीच वावगं केलं नाही. मुखवटे तर दोनदा कागदात गुंडाळले. मी त्यांना थांबवूही शकले असते. पण थांबवून सांगणार काय? दिवाळीचा डबा दिवाळीचा आहे हे मला ठाऊक होतं. त्यात कातणं उजव्या बाजूला का, आणि सोऱ्याच्या पोटात सुताचा बोळा का, हे तिला ठाऊक होतं. मी त्या घरात वाढले आणि दर दिवाळीला विचारत आले, आई, झारा कुठाय? ती न बघता सांगायची.

शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय मला लहानपणापासून आवडतं. दिनकर केळकरांनी, कवितेत जे अज्ञातवासी, घरोघर आणि गावोगाव फिरून वीस हजारांहून जास्त वस्तू जमवल्या. अडकित्ते, दिवे, दौती, वज्री, स्वयंपाकाची भांडी, दारं, वाद्यं. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. म्हणजे पुण्यातलं घरगुती वस्तूंचं सर्वांत मोठं भांडार हे एका बापाचं दुःख आहे, आणि हे तिकीट काढताना सहसा कुणाच्या डोक्यात नसतं. आता मात्र मला तिथलं दुसरंच काहीतरी आठवलं. तिथे अडकित्ते सगळे एकत्र आहेत. दिवे दिव्यांशेजारी. कुठल्याच घरात असं कधी नव्हतं. अडकित्ता पानाच्या डब्यात असतो, पानाचा डबा झोपाळ्यापाशी, झोपाळा ज्याचा त्याच्या दुपारशी. संग्रहालयालाही दुसरा इलाज नाही. वस्तू टिकवायची तर तिला तिच्या दुपारीतून उचलावं लागतं. तो संग्रह बावधनला मोठ्या जागेत न्यायचं घाटतंय असं वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. कधी खरंच हलवायची वेळ आली तर एवढी खोकी कोण भरेल, आणि त्यांवर काय लिहील?

भांड्यांवर लिहिलेलं असतंच, हीही एक गंमत. आपल्याकडे घराची बखर भांड्यांवर असते. पूर्वी छिन्नीने ठिपके मारून, मग विजेच्या सुईने खरखर काढलेली नावं: वास्तुशांतीनिमित्त, मुंजीनिमित्त, अमुक यांच्या स्मरणार्थ, सप्रेम भेट, तारीख. भांडी गुंडाळली जात असताना मी वाचत बसले होते. आईचं लग्न तीन पातेल्यांत आणि एका कळशीत विभागलेलं होतं. माझं बारसं एका वाटीवर. आत्याशी अबोला होता त्या सगळ्या वर्षांचं एकही भांडं नव्हतं, आणि मग एकदम एक भलामोठा स्टीलचा डबा, ‘सप्रेम’ हा शब्द जरा जास्तच मोठा काढलेला.

माहेरकडून आईला मिळालेल्या भांड्यांत १९६१च्या आधीचं फक्त एक होतं. तांब्याचं घंगाळ, कडीपाशी शके १८६०. बाकी सगळं नदी घेऊन गेली. हे जड, म्हणून चिखलात रुतून तिथेच राहिलं. आई सांगायची, पूर ओसरल्यावर गल्लीत गाळ उपसताना दुसऱ्यांचीच भांडी निघत. बायका ती धुवून, नावं वाचून, हाका मारत फिरत, अहो हे तुमचं का? काहींची माणसं सापडली. ज्यांची सापडली नाहीत त्यांची भांडी ज्याला मिळाली त्याने वापरली. पुरानंतर कित्येकजण पेठ सोडून सहकारनगर, गोखलेनगर अशा नव्या वसाहतींत गेले. त्यांना शोधत कोण फिरणार. आजीकडे अशी एक परकी कासंडी होती. तिच्यातून दूध काढताना आजी रोज त्या अनोळखी नावाला, नुसतं ओठांनी, काहीतरी म्हणायची. काय ते आईलाही कळलं नाही.

घंगाळ मी खोक्यात जाऊ दिलं नाही. ते गाडीत पुढे, माझ्या पायाशी चिंचवडला येणार होतं. दादाचं म्हणणं, वापरणार काय त्याचं, गीझर आहे. तांबट आळीत मोडीला चांगला भाव येईल असं तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच उठून फडकं आणलं आणि पुसत बसला. बराच वेळ.

दुपारी फक्त ओटा उरला. तिथे मागे, चहाच्या डब्याआड, एक स्टीलचा कडीचा डबा निघाला जो आमचा नव्हता. आमच्या मजल्यावर अशी ये-जा कायम होती. कुणाची आमटी, कुणाच्या घरची पुरणपोळी, कुणाचं सत्यनारायणाचं प्रसादाचं भांडं. आणि दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही हा आईचा कायदा. आजारपणात तिच्या हातून एवढंच राहिलं असणार. समोरच्या काकू शेवटचे दोन महिने रोज पेज आणत होत्या, तेव्हा डबा त्यांचाच. पण भरायचं कशाने? घरात शिजवायला काही नव्हतं. बर्तन दोन उघडायला लावलं. मुलाने माझ्याकडे असं बघितलं की त्याने बऱ्याच घरांत बरंच काही बघितलं असावं, आणि चिकटपट्टी सोलली. साखरेचा डबा तळाशी होता.

काकूंनी दार उघडलं, डबा हातात घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला.

“अगं, हा माझा नाही.”

“काकू, तुम्हीच पेज आणायचात ना?”

“माझे डबे मी रोजच्या रोज परत न्यायचे. तुझी आई पडून होती, तिला कशाला ताप. नीट वाच की. हे बी बिल्डिंगमधल्या बाई, त्या शाळेत होत्या बघ. नाशिकला गेल्या कधीच्या. आपण महापालिकेत जायच्याही आधी.”

ठिपक्यांचं पहिलं अक्षर झिजलं होतं, पण खरंच, आडनाव त्यांचंच होतं. म्हणजे आईने हा डबा इतकी वर्षं पुसून ठेवला होता, आत काही न घालता, चहाच्या डब्याआड. मी म्हटलं, नंबर असेल तर द्या, मी कधी नाशिकला गेले तर पोचवते.

“नंबर आहे,” काकू म्हणाल्या. साखर त्यांनी आत नेऊन स्वतःच्या बरणीत ओतली, डबा फडक्याने पुसला आणि माझ्या हातात परत दिला. “पण घाई करू नकोस. माझी पितळी परात तिच्याकडे आहे. आधी ती येऊ दे.”