वाचलंन

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन वाजता आमची भिशी असते. आम्ही बाराजणी. जिला भिशी लागेल तिनं त्या पैशांतून पुस्तकं घ्यायची आणि पुढच्या महिन्याची कादंबरी ठरवायची, एवढाच नियम. चिठ्ठ्या लोणच्याच्या जुन्या बरणीत असतात. कितीही घासली तरी तिचा मोहरीचा वास जात नाही, आणि मला तो जायलाही नको आहे.

प्रत बहुधा एखादीच मिळते. ती रत्नागिरीच्या नगर वाचनालयातून आणायची आणि घरोघर फिरवायची. वाचनालय 1828 सालचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली 1857 साली, म्हणजे वाचनालयानंतर 29 वर्षांनी, आणि आली तीच विधवांचं दुःख घेऊन. प्रत माझ्यापर्यंत पोहोचते तेव्हा तिच्यात एसटीचं तिकीट असतं, कधी हळदीचं बोट उमटलेलं असतं, कुठे पानाचा कोपरा दुमडलेला. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये कोण कुठपर्यंत पोहोचली ते त्यावरून कळतं. त्या दुमडीपाशी मी नेहमी थांबते. इथे हिला हाक आली असेल.

आमच्या बोलीत, निदान जुन्या घरांतून, एक 'न' अजून टिकून आहे. तिनं केलंन, त्यानं दिलंन. मी केलं म्हणताना तो नसतो. दुसऱ्याची गोष्ट सांगायची असली की क्रियापदाला येऊन चिकटतो. कादंबरीवर बोलायला या 'न'इतकी सोयीची गोष्ट नाही. "तिनं नोकरी सोडलीन, तिथंच सगळं बिघडलं," असं एकजण तावातावानं म्हणते. ती स्वतः बँकेतून मुदतीआधीच घरी बसलेली. दुसरी म्हणते, "मग काय करायला हवं होतंन तिनं?" आणि तासभर आम्ही कादंबरीतल्या त्या बाईला सोडत नाही. त्या 'ती'च्या आड कोण उभी आहे, हे आम्ही विचारत नाही. हा नियम कुणी केलेला नाही, पण मोडलाही नाही.

अशी आडोशाची गरज लिहिणाऱ्या बायकांनाही होती. 'कळ्यांचे निःश्वास' 1933 साली निघालं तेव्हा वर विभावरी शिरूरकर हे नाव होतं. खरी लेखिका, पुढच्या मालतीबाई बेडेकर, त्या नावामागे होती. शिकलेल्या मुलींच्या मनातलं इतकं उघड लिहिणारी ही कोण, म्हणून केवढा गहजब झाला. कथा आहेत, कादंबरी नव्हे, तरी आम्ही तो महिना त्यांना दिला. दिला ते बरं केलं.

गेल्या आषाढात हरिभाऊ आपट्यांचं 'पण लक्षांत कोण घेतो!' होतं. 1890 मध्ये 'करमणूक' सुरू करून त्यात ते छापू लागले तेव्हा हरिभाऊ 26 वर्षांचे होते. त्या वयाच्या पुरुषानं एका विधवेचा 'मी' आपल्या लेखणीत घ्यावा, आणि तो कुठे खोटा वाटू नये, याचं मला अजून नवल वाटतं. यमूच्या केशवपनाचा भाग काढला तेव्हा खोलीत फक्त पन्हळीचं पाणी ऐकू येत होतं.

आमच्यातल्या सर्वांत थोरल्या काकू ऐंशीच्या पुढच्या आहेत. डोळ्यांनी दिसत नाही म्हणून सून त्यांना वाचून दाखवते. त्या एरवी ऐकतात. त्या दिवशी म्हणाल्या, "नवरा होता तोवर ठीक. तो गेल्यावर यमूनं पुढे वाचलंन का गो?"

"काकू, ही सगळी हकिगत तिनंच लिहिलेय की," मी म्हटलं.

"लिहिलंन खरं. पण वाचलंन का? पुस्तक कोण आणून देणार तिला? पोथीत घालून वाचलंन असेल. माजघरात, कंदिलाची वात बारीक करून वाचलंन असेल. मग सासूनं बघितलंन. मग मिटवलं. ट्रंकेत तळाशी ठेवलं, लुगड्याखाली. तिथंच राहिलं गो."

सुनेनं मान वर करून सासूकडे पाहिलं. एवढी वर्षं एका घरात राहून हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं असावं. कुणी काही बोललं नाही. मग तिनंच उठून बरणी काकूंसमोर धरली आणि त्यांचा हात धरून आत घातला.

चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. पुढच्या महिन्याला काय वाचायचं, सगळ्यांनी विचारलं.

मी काकूंच्या जवळ सरकले आणि विचारलं, त्या ट्रंकेतलं पुस्तक कोणतं होतं?