२५ फ्रेममधली चाल

डीव्हीडी हातात घेऊन तुम्हाला दहाएक वर्षं झाली असतील. काहींनी तर कधी घेतलीच नसेल. त्यामुळे आधी मेनूबद्दल सांगतो. डिस्क घातली की पडद्यावर चार चौकटी येतात, प्रत्येकीत एक छोटा व्हिडिओ हलत असतो आणि रिमोटच्या बाणांनी आपण त्यातली एक निवडतो. बघणाऱ्याला वाटतं, हे चार वेगवेगळे व्हिडिओ आहेत. तसं नसतं. तो सगळा मिळून एकच व्हिडिओ असतो, चारही चौकटी त्यातच भाजून काढलेल्या. बटणाभोवती उमटणारी रंगीत चौकट तेवढी वेगळी, वरून ठेवलेली. म्हणजे चार चौकटींतली चित्रं चार वेगवेगळ्या वेगांनी टिपलेली असली, तरी मेनूत त्यांना एकाच वेगाने चालावं लागतं.

आमच्या घरी नेमकं हेच होतं. आजोबांना जाऊन चार वर्षं झाली. आजीला त्यांचे व्हिडिओ बघायचे असतात, पण मोबाइल तिला जमत नाही. बोट जरा जास्त वेळ टेकलं की भलतंच काहीतरी उघडतं. टीव्हीचा रिमोट मात्र तिच्या हाताला पक्का माहीत आहे. घरात जुना काचेच्या नळीचा टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर दोन्ही चालू स्थितीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी बारीक अक्षरं तिला लागत नाहीत, चेहरेही लांबून ओळखू येत नाहीत. माणूस ती चालण्यावरून ओळखते. म्हणून मेनूवर नावं लिहून उपयोग नव्हता, चौकटीत माणूस हलताना दिसायला हवा होता.

चौकटी चार. आईबाबांच्या लग्नाची व्हीएचएस, बाबांच्या कॅमेऱ्यातली आत्याच्या लग्नाची मिनीडीव्ही टेप, काकांनी २००४ साली न्यू जर्सीहून येताना आणलेल्या कॅमेऱ्यात टिपलेली रंकाळ्यावरची सकाळ, आणि शेवटच्या दिवाळीचा माझ्या मोबाइलवरचा व्हिडिओ. पहिल्या दोन सेकंदाला २५ फ्रेमच्या. काकांची २९.९७ ची. मोबाइलची साधारण ३०, पण उजेड कमीजास्त झाला की मोबाइल मधेच वेग बदलतो, त्यामुळे नक्की आकडा असा नाहीच.

हे आकडे आले विजेवरून. भारतात आणि युरोपात वीज ५० हर्ट्झची, म्हणून टीव्ही २५ फ्रेमचा. अमेरिकेत ६० हर्ट्झ, म्हणून ३०. तिथे १९५३ साली रंगीत प्रक्षेपणाचं मानक ठरवताना रंगाचा सिग्नल जुन्या सिग्नलमध्ये बसवण्यासाठी तो ३० चा २९.९७ करावा लागला. आपल्याकडे १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं ते पाल पद्धतीने, म्हणजे २५ च. डीव्हीडीनेही हीच दोन घराणी पुढे चालवली. अमेरिकी घराण्यात सिनेमाच्या २४ फ्रेमसाठी निदान एक पळवाट आहे: काही चित्रं पुन्हा दाखवायची खूण फाइलमध्ये ठेवता येते. पालमध्ये तीही नाही. इथे २४ चा सिनेमा सरळ २५ ने पळवतात. १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो आणि आवाज मुद्दाम उतरवला नाही, तर सगळ्यांचे गळे किंचित चढतात.

कोल्हापूरकराला खरं तर हे नवीन वाटायला नको. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःचा कॅमेरा बनवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्या काळचे कॅमेरे हाताने फिरवायचे. हँडलच्या एका फेरीत सहसा ८ फ्रेम, सेकंदाला दोन फेऱ्या, म्हणजे १६. पण हात तो हातच. प्रसंगाला रंग चढला की फेरीही चढायची. पुढे बोलपट आला. प्रभातने इथेच ‘अयोध्येचा राजा’ केला, १९३२ साली. आवाजाला कमीजास्त वेग चालत नाही, गळा लगेच बिघडतो, म्हणून २४ हा आकडा कायमचा ठरला. जुने मूकपट मग २४ ने दाखवले गेले आणि त्यातली माणसं तुरुतुरु पळायला लागली. माझ्या पिढीला वाटतं, तेव्हाचा अभिनयच तसा होता. ती माणसं आपल्यासारखीच चालत होती.

आमचे आजोबा मात्र आपल्यासारखे चालत नसत. तरुणपणी तालमीत गुडघा दुखावला होता. डावा पाय ते नेहमीपेक्षा जरा उशिरा उचलायचे आणि उजवा चटकन टाकायचे. जिन्यात पाऊल वाजलं की आजी चहा ठेवायची. काकांच्या टेपमध्ये तीच चाल आहे, रंकाळ्याच्या काठाने, दोन मिनिटं दहा सेकंद.

२९.९७ चं २५ करायचे मार्ग बरेच आहेत. मी चार नमुने काढले आणि आजीला एकामागून एक दाखवले. कुठला कसा केलाय ते सांगितलं नाही.

पहिल्यात सगळ्या फ्रेम ठेवून सावकाश चालवल्या. एका सेकंदाला १.२ सेकंद लागतात. आजी म्हणाली, “आजारी असल्यावाणी दिसत्यात.” दुसऱ्यात साधारण दर सहापैकी एक फ्रेम टाकून दिली, बहुतेक सॉफ्टवेअर न विचारता हेच करतं. वेळ बरोबर राहतो, पण सेकंदाला पाच हिसके बसतात. त्या हिसक्यांत आजोबांचा स्वतःचा हिसका हरवून गेला. “ह्ये ह्यांचं चालणं न्हवं,” एवढंच ती बोलली. तिसऱ्यात मधल्या फ्रेम कॉम्प्युटरनेच रचल्या. दिसायला एकदम गुळगुळीत, पण पायावरून पाय जाताना एक पाय विरघळायचा. “ह्यांचा पाय कुठं गेला रं?”

चौथा मार्ग जुन्या टीव्हीच्या स्वभावातून निघाला. काकांच्या कॅमेऱ्यातली एक फ्रेम म्हणजे दोन अर्धी चित्रं: आधी एक सोडून एक ओळी, मग उरलेल्या, आणि दोन्ही वेगवेगळ्या क्षणी टिपलेली. म्हणजे त्या टेपवर सेकंदाला हालचालीचे जवळजवळ ६० क्षण आहेत, ३० नाहीत. पालच्या डिस्कवरही असे ५० मावतात. मी त्या अर्ध्या चित्रांची पूर्ण ५९.९४ चित्रं केली, त्यातून ५० निवडली आणि पुन्हा अर्धी करून ओळींत गुंफली. गळती साधारण सहात एक तीच, पण प्रत्येक उडी निम्मी. शिवाय नळीचा टीव्ही अर्धी चित्रंच दाखवतो, त्यामुळे पडद्यापर्यंत काही बिघडत नाही.

आजी पुढे सरकली. काही बोलली नाही. थोड्या वेळाने पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, “परत लाव.”

मोबाइलच्या व्हिडिओला आधी एकच ठाम वेग द्यावा लागला, नाहीतर ओठ आणि आवाज यांची फारकत होते. मग फ्रेम गाळल्या. त्यात आजोबा खुर्चीवर बसून करंजी खातात, चालत नाहीत, त्यामुळे हिसका जाणवत नाही. मेनूच्या तयार टेम्प्लेटमागची तरंगणारी फुलंही २९.९७ ची होती. ती मी सावकाश होऊ दिली. ती फुलं कुणाच्या ओळखीची नव्हती.

कोरी डिस्क शाहूपुरीतल्या एका दुकानात मिळाली, दुकानदाराने धूळ झटकून दिली. राइटर एका मित्राच्या फोटो स्टुडिओतून उसना आणला.

आता अडचण एकच: आजी बटण दाबत नाही. डिस्क लावते आणि मेनूवरच बसून राहते. मेनू २० सेकंदांचा होता. तो संपून पुन्हा सुरू होताना प्लेअर क्षणभर थबकतो आणि आजोबा काठावर एक पाय उचलून गोठतात. म्हणून दुसरी डिस्क काढली. तिच्यात मेनू दोन मिनिटं दहा सेकंदांचा आहे.

काकांनीही एक मागितली आहे. त्यांचा प्लेअर पाल घेत नाही, म्हणजे सगळं उलट्या दिशेने करायचं. रंकाळ्याची टेप तिथे जशीच्या तशी बसेल. लग्नाच्या दोन टेप मात्र ५० वरून ६० कडे न्यायच्या, दर पाचांमागे एक चित्र जास्तीचं घालून. आत्या मांडवात शिरताना जरा घाईने चालते. ती चाल नीट उतरली का, हे अजून कुणाला दाखवलेलं नाही.