कपाट की ग्रंथपाल?

तंजावरच्या सरस्वती महालातील संस्कृत पोथ्या पाहणाऱ्या महाराष्ट्रीय माणसाची पहिली अडचण लिपीची. भाषा ओळखीची, पण एक ताडपत्र ग्रंथलिपीतले, दुसरे तेलुगूतले, एखादी पोथी नंदिनागरीत, तर एखादी देवनागरीत. मराठीचीही तीच कथा. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास देवनागरीत आहे. दरबारचे कागद मात्र मोडीत, आणि मोडी जाणणारे आता थोडे.

संगणकाच्या साठवणीतही हे घडते. फायबर चॅनल (प्रमाण १९९४ चे) आणि आयस्कझी (२००४ चे) या दोन पद्धती एकच 'स्कझी' आज्ञा वाहून नेतात. परंतु पहिलीस आपल्या स्वतंत्र तारा व जोडयंत्रे लागतात, तर दुसरी कचेरीतील साध्या जाळ्यावरून धावते. भाषा एक, लिपी दोन! म्हणूनच मध्ये दुभाषी यंत्र बसविले की त्यांचे जमू शकते.

खरे अंतर निराळेच आहे, आणि ते आमच्या घरी अनुभवास आले. वाडवडिलांचे मोडी कागद आता इतके जीर्ण झाले आहेत की घडी उघडताना कडा तुटतात. माझे धाकटे बंधू व पुतणी यांनी दोन महिने खपून त्यांची छायाचित्रे घेतली. ती दोघांच्याही संगणकांवरून ठेवता यावीत म्हणून साठवणयंत्र आणले. जोडून देणाऱ्या गृहस्थांनी 'मोठ्या कचेऱ्यांत हेच चालते' म्हणून आयस्कझीची एकच जागा दोन्ही संगणकांस दिली. पंधरवड्यात निम्मी छायाचित्रे उघडेनाशी झाली.

कारण असे. आयस्कझी वा फायबर चॅनल संगणकास रिकामे कपाटच स्वाधीन करते. कोणत्या खणात काय ठेवले याची यादी संगणकाने स्वतः राखावयाची. दोघांनी एकच कपाट आपापले मानले, तर एकाने भरलेला खण दुसऱ्याच्या यादीत रिकामाच राहतो व तो त्यात दुसरे काही कोंबतो. (पुष्कळ यंत्रांनी मिळून एक यादी राखण्याची सोय असते, पण ती घरगुती कामाची नव्हे.) याउलट सन कंपनीने १९८४ साली पुढे आणलेली एन्‌एफ्‌एस्‌, किंवा विंडोजवाल्यांची एस्‌एम्‌बी, या पद्धतींत यादी साठवणयंत्रच राखते. आपण ग्रंथपालाकडे नाव घेऊन ग्रंथ मागावा, तसे. मग मागणारे दोन असोत की दहा. येथे नुसता दुभाषी पुरत नाही, कारण एक पद्धत खणाचा क्रमांक मागते व दुसरी ग्रंथाचे नाव.

एकाच पेटीत दोन्ही सोयी बहुधा असतात, आणि माझ्या मते घोटाळा तेथेच होतो. विकणारा दोहोंस 'नेटवर्क साठवण' असेच म्हणतो. घेणाऱ्याने एकच विचारावे : यादी कोण राखणार?

आमच्या यंत्रावर आता एन्‌एफ्‌एस्‌ आहे. दुसरी प्रत पुण्यास चुलत बहिणीकडे असते. बिघडलेल्यांपैकी बहुतेक कागदांची छायाचित्रे पुन्हा घेतली. तीन कागद मात्र दुसऱ्यांदा उघडताना घडीवर फाटले, व त्यांतील मधल्या ओळी गेल्या. ते कोणी वाचलेलेही नव्हते.