कांचेचें दार

परवां आमच्या हातीं एक निमंत्रणपत्रिका पडली. मुंबईच्या कोट विभागांतील एका कलादालनांत येत्या तीन महिन्यांत चार तरुण परदेशी कलावंतांचीं प्रदर्शनें भरावयाचीं आहेत, त्यांचा तो एकत्रित कार्यक्रम होता. एक कलावंत कोरियाचा, एक पेरूचा, दोघी केनियाच्या. तिशी कोणींच ओलांडलेली नाहीं. एकजण म्हणे मिठाचे ढीग मांडणार आहे, आणि एकजण जुन्या वस्त्रांना मेण लावून टांगणार आहे. वाचून आम्हांस हंसूं आलें. मिठाचे ढीगच पाहावयाचे, तर कोणत्याही मिठागरावर जावें. त्याकरितां कलादालन कशाला?

परंतु तें हंसूं फार वेळ टिकलें नाहीं. कारण पत्रिका ज्यानें आणून दिली, तो समोरच उभा होता. हा आमचा जुना विद्यार्थी. आम्ही राहतों त्या चिखलोलींतच, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचें घर. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींत तो पाळीचें काम करतो. दहा वर्षांपूर्वीं त्यानें आपली चित्रांची वही आम्हांस दाखविली होती आणि कलाशाळेंत जाऊं का, असें विचारलें होतें. आम्हीं वही चाळली न चाळली आणि बजावलें, "बाबा, चित्रांनीं पोट भरत नाहीं, आधीं पदवी घे." त्यानें पदवी घेतली. वहीबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाहीं. आतां तो म्हणत होता, "सर, तुम्ही बरोबर याल का? एकट्याला आंत सोडतील कीं नाहीं, कोण जाणे."

प्रवेश विनामूल्य असल्याचें पत्रिकेवर छापलें होतें आणि तें त्यानेंही वाचलें होतें. तरी त्याची शंका निराधार नव्हती. याचा दाखला आमच्यापाशींच आहे. तीस वर्षें इंग्रजी काव्य शिकविणारे आम्ही एकदां एका दालनाच्या कांचेच्या दारापर्यंत गेलों आणि आंतली शांतता पाहून तसेच मागें फिरलों. आपण कांहीं विचारावें आणि तें अडाणीपणाचें ठरावें, ही ती भीति. पुढें मित्रांत बसून आम्हीं नव्या कलेची यथेच्छ टवाळी केली. जें समजत नाहीं त्याला हंसणें, ही सुशिक्षितांची मोठी सोयीची पळवाट आहे.

वस्तुतः परदेशी तरुण मुंबईच्या कलेस नवे नाहींत. जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ सालीं जे. जे. कलाशाळेंत शिकवावयास आले, तेव्हां त्यांची तिशी उलटली नव्हती. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरील त्यांचीं उत्थित शिल्पें आजही पाहावयास मिळतात. त्यांचे सहकारी जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून शाळेचे विद्यार्थी बरोबर घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. परक्या गुरूच्या संगतीनें त्या मुलांना घरचेंच वैभव जवळून पाहतां आलें.

याहूनही आम्हांस जवळची वाटते ती के. एच. आरा यांची हकीकत. मुंबईंत घरगडी म्हणून राबणारा, मोटारी धुणारा हा तरुण. हिटलरच्या राजवटीमुळें १९३३ सालीं जर्मनी सोडून मुंबईस आलेल्या रुडॉल्फ फॉन लायडेन यांनीं त्याचीं चित्रें पाहिलीं आणि त्यास उत्तेजन दिलें. पुढें १९४७ सालीं सूझा, रझा, हुसेन प्रभृतींनीं प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापिला, त्यांत आरा होते. लायडेन कांहीं कलाशाळेचे अध्यापक नव्हते. ते मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. त्यांनीं नीट पाहिलें, एवढेंच. आम्हीं पाहिलें नाहीं.

आणि परमुलखाच्या कलेचें इतकें वावडें आम्हांस कां असावें? वालधुनीच्या कांठचें अंबरनाथाचें शिवालय आमच्यापासून दूर नाहीं. तेथील शिलाहारकालीन शिलालेखांत शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० ची नोंद आहे. त्याचें शिखर आज भग्न आहे. परंतु त्याची घडण भूमिज पद्धतीची, जी माळव्यांत परमारांच्या राज्यांत विशेष बहरली. ती रीत कोंकणच्या उंबरठ्यावर आली, तेव्हां कोणी नाक मुरडलें असेलही. आज आम्ही पाहुण्यांना तें देऊळ आपलें म्हणून दाखवितों. मिठाचा ढीग नऊशें वर्षें टिकेल, असें आमचें म्हणणें नाहीं. बहुधा प्रदर्शन संपतांच तो पोत्यांत भरला जाईल. कदाचित् तो पाहूनही आम्हांस हंसूंच येईल. पण तें पाहिल्यानंतरचें हंसूं असेल.

असो. येत्या शनिवारीं त्याची रात्रपाळी आहे, म्हणून सकाळच्या गाडीनें जावयाचें ठरलें. निघतांना त्यानें विचारलें, "सर, कपडे कोणते घालूं?" आम्ही म्हणालों, "नेहमींचेच. आणि ती वही घेऊन ये." तो क्षणभर घुटमळला. वही अजून आहे कीं नाहीं, हें त्यानें सांगितलें नाहीं. आणि विचारण्याचा धीर आम्हांसही झाला नाहीं.